फ्रिजशिवाय ३० दिवस: कपाटाच्या नोंदी

६ जानेवारी

परवा संध्याकाळी ७ ला वीज गेली ती आज सकाळी ९ ला आली, म्हणजे सरळ ३८ तास. फ्रिजमधलं जवळपास सगळं टाकलं. दूध, कालची डाळ, भाज्या, अर्धं चीज, आणि फ्रीझरमधलं जे काही होतं ते पाणी पाणी झालं होतं. नंतर वाचलं की दार अजिबात उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास धरतो, फ्रीझर गच्च भरलेला असला तर ४८ तास आणि अर्धा भरलेला असला तर २४. आमचा अर्धाही नव्हता, आणि वर आम्ही दर तासाला दार उघडून "अजून गार आहे का" बघत होतो, म्हणजे होता नव्हता तो गारवा आपल्याच हाताने बाहेर काढला.

टाकताना एक जाणवलं, शेजारच्या कपाटातलं काहीच बिघडलं नव्हतं. तांदूळ, साखर, मीठ, डाळी, मध, सगळं जसंच्या तसं. मग डोक्यात आलं की नीट प्रोजेक्टच करू, एक कपाट असं भरायचं की दोन माणसांचं (मी आणि आई) ३० दिवस फ्रिजशिवाय भागेल, आणि नुसतं भरून ठेवायचं नाही तर काय टिकतं, किती टिकतं, का टिकतं हे स्वतः करून बघायचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "आधी आहे ते कपाट तरी आवर."

७ जानेवारी

आवरलं. मागच्या कोपऱ्यातून राजम्याचा एक डबा निघाला, वर नाव नाही तारीख नाही. आई म्हणते घराला रंग दिला तेव्हाचा, म्हणजे ४ वर्षं तरी झाली. दिसायला चांगला आहे, किड नाही. टाकला नाही, ठेवलाय, नंतर शिजवून बघणार.

१२ जानेवारी

हिशोब. माणशी रोजच्या २००० कॅलरी धरल्या, २ माणसं, ३० दिवस, म्हणजे १ लाख २० हजार. कोरड्या धान्यात किलोला साधारण ३४०० ते ३६०० कॅलरी असतात, तेलात लिटरला ८००० च्या वर. बरीच खोडाखोड करून हे जमलं: तांदूळ १० किलो, गहू ८, डाळी आणि कडधान्यं मिळून ६, तेल २ लिटर, साखर २ किलो, बिनसायीची दूध पावडर दीड किलो, शेंगदाणे १ किलो, मध अर्धा किलो. एकूण वजन साधारण ३१ किलो. मला वाटलं होतं महिनाभराचं खाणं म्हणजे खोली भरेल, तर ते एका कपाटाच्या खालच्या तीन फळ्यांत बसतंय. कोरडं आहे म्हणून. ताज्या अन्नात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि ते आपण उगाच उचलत असतो.

मीठ, मसाले, व्हिनेगर, चहा कॉफी यांना कॅलरीच्या हिशोबात धरलं नाही पण ते लागणारच. का ते पुढे सप्टेंबरात कळलं (ही ओळ नंतर घातलीये).

१९ जानेवारी

आज फक्त वाचन. मी आत्तापर्यंत असं समजत होतो की अन्नात पाणी किती यावर टिकणं ठरतं. तसं नाहीये अगदी. पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरायला मोकळं किती हे महत्त्वाचं. त्याला जलक्रियता म्हणतात, शून्य ते एक असं माप, शुद्ध पाणी म्हणजे १. ताजं मांस, फळं, दूध ०.९७ च्या पुढे असतात. बहुतेक बॅक्टेरिया ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, काही चिवट ०.८५ पर्यंत तग धरतात, बुरशी आणखी खाली जाते आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. जॅममध्ये पाणी भरपूर दिसतं पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. मिठाचंही तेच, खारवलेला मासा हाताला ओलसर लागतो तरी टिकतो कारण त्यातलं पाणी मिठाच्या ताब्यात आहे. म्हणजे वाळवणं, खारवणं, पाकात घालणं हे वरून वेगवेगळे प्रकार दिसले तरी आतून एकच काम करतात.

पण इथे एक मोठी अट आहे, काहीच वाढत नाही म्हणजे काहीच होत नाही असं नाही. जंतू वाढले नाहीत तरी तेल खवट होतं, रंग उडतो, जीवनसत्त्वं कमी होतात, कडधान्य दगड होतं. आणि किड्यांना तर ही मापं लागूच नाहीत, त्यांना कोरडं धान्य म्हणजे घरच.

२६ जानेवारी

धान्य कोरडं आहे की नाही ते घरी कसं बघायचं याची एक सोपी ट्रिक. मीठ तव्यावर गरम करून एकदम कोरडं करायचं, गार झालं की काचेच्या कोरड्या बरणीत धान्याबरोबर घालून झाकण लावायचं, खळखळ हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ बरणीला चिकटलं किंवा त्याच्या गाठी झाल्या तर धान्य ओलं, १५ टक्क्यांच्या वर. मीठ सुटं राहिलं तर रोजच्या साठवणीला ठीक. वर्षानुवर्षं हवाबंद ठेवायचं असेल तर मात्र १० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली हवं.

गहू पास. तांदूळ पास. एका पिशवीतली चवळी नापास, मीठ चक्क भिंतीला थापलं गेलं होतं. ती उन्हात टाकली दोन दिवस.

३ फेब्रुवारी

किडे. नवीन आणलेल्या तांदळात आज तीन पोरकिडे फिरताना दिसले, डबा घट्ट होता, आठ दिवसांपूर्वी भरलेला. आई म्हणाली झाकण नीट लागलं नसेल. पण ते बाहेरून आलेच नव्हते. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून बूच लावून टाकते, त्यामुळे वरून दाणा अख्खा दिसतो. अळी आतच खाते, आतच मोठी होते, आणि किडा होऊन बाहेर येतो तेव्हा आपण डब्याला दोष देतो.

उपाय म्हणून सगळं धान्य थोडं थोडं करून ४ दिवस उणे १८ अंशावर ठेवलं. हो, फ्रीझरमध्ये. फ्रिजशिवायच्या प्रोजेक्टसाठी फ्रीझर वापरतोय, आईने यावर जे काय म्हणायचं ते म्हणून झालंय. महत्त्वाचं म्हणजे बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं पाणी बसतं आणि ज्या ओलाव्यासाठी एवढं मीठ-बरणी केलं तो आपणच आत घालतो. पहिल्या पिशवीला मी हेच केलं. परत उन्हात.

११ फेब्रुवारी

पाणी विसरलो होतो!! ३१ किलो कोरडं अन्न, पण ते शिजवायला आणि प्यायला पाणी लागतं की. माणशी रोज ४ लिटर धरलं तर दोघांचे ३० दिवसांचे २४० लिटर, म्हणजे अन्नाच्या जवळजवळ आठपट वजन. एवढं ठेवायला जागा नाही. शेवटी १४ दिवसांचं, ११२ लिटर ठेवायचं ठरलं, स्वच्छ धुतलेल्या कॅनमध्ये, सावलीत, आणि ६ महिन्यांनी बदलायचं. "अन्न टिकवणं" अशी कुठलीही यादी वाचा, पाण्याचं एका ओळीत आटपतात, आणि खरं तर डब्यातले पदार्थ जड असतात ते त्यामुळेच, त्यांनी आपलं पाणी बरोबर आणलेलं असतं. म्हणून मग कॅलरीच्या हिशोबात नसलेले डबाबंद छोले, टोमॅटो आणि मासे असे २० डबे वाढवले.

१६ फेब्रुवारी

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आल्या. आत लोखंडाची भुकटी आणि थोडं मीठ असतं, लोखंड गंजतं आणि गंजताना डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, बस एवढंच. ऑक्सिजन गेला की किडे मरतात, त्यांची अंडीही, आणि तेल खवट होण्याचा वेग एकदम कमी होतो.

पुडीचा साइज काढायला डब्यातली हवा माहीत पाहिजे. ५ लिटरचा डबा तांदळाने भरला तरी दाण्यांच्या मधे साधारण ४० टक्के हवाच असते, म्हणजे २ लिटर, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ४२० मिलिलिटर. तेव्हा ३०० ची पुडी पुरत नाही, ५०० ची हवी. मी पहिल्या डब्यात ३०० घातली होती, हिशोब नंतर केला. (माझं नेहमीचंच.)

१७ फेब्रुवारी

आज दोन चुका. पहिली, पुड्यांचं पाकीट फोडून टेबलावर ठेवलं आणि मधेच फोन आला, पाऊण तास गेला. परत आलो तर पुड्या हाताला कोमट लागत होत्या, म्हणजे त्या आख्ख्या खोलीचा ऑक्सिजन खात बसल्या होत्या. निम्मी ताकद तरी गेली असणार, सगळ्या बाद धरल्या. आता आधी सगळे डबे भरायचे, झाकणं हाताशी ठेवायची, मग पाकीट फोडायचं, आणि उरलेल्या लगेच छोट्या काचेच्या बरणीत घट्ट बंद.

दुसरी चूक, उत्साहात साखरेतही एक पुडी टाकली. साखरेला याची काहीच गरज नाही, तिच्यात ना किडे होतात ना तेल असतं, आणि उलट पुडीतल्या ओलाव्याने ती घट्ट होते. हे कळेपर्यंत डबा बंद करून वर ठेवला होता.

२० फेब्रुवारी

तांदळाचे पातळ प्लास्टिकचे डबे आत ओढले गेलेत, कोणीतरी हवा शोषून घेतल्यासारखे. बघून फार बरं वाटलं. हवेचा पाचवा हिस्सा गेला की एवढा फरक दिसतो. एक डबा मात्र तसाच टम्म, झाकणाच्या कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. एक दाणा!

२२ मार्च

साखर उघडली. वीट. चमचा वाकला. वाया गेलेली नाहीये, वजन तेवढंच, गोडी तेवढीच, फक्त आता ती साखर फोडून घ्यावी लागते. साखर आणि मीठ यांच्या पाकिटावर तारीख असो नसो, कोरडं राहिलं तर त्यांना काही होत नाही. आयोडीनच्या मिठातलं आयोडीन मात्र हळूहळू उडत जातं, मीठ तसंच राहतं.

५ एप्रिल

तांदळाची तुलना. जानेवारीत मुद्दाम दोन बरण्या भरल्या होत्या, एकीत पांढरा पॉलिशचा, एकीत ब्राऊन राइस, दोन्ही साध्या झाकणाच्या, पुडी नाही काही नाही, स्वयंपाकघरातच वरच्या फळीवर. आज वास घेतला. पांढऱ्याला कसलाच नाही. ब्राऊनला जुन्या पेन्सिलच्या डब्यासारखा, तेलकट, किंचित कडवट. आई दुरूनच म्हणाली खवट झालाय.

कारण सरळ आहे, ब्राऊनवर कोंडा असतो, कोंड्यात तेल असतं, आणि ते तेल तोडणारं एन्झाइमही त्याच कोंड्यात बसलेलं असतं. ६ महिने साधारण धरतो, आमच्या उष्ण फळीवर ३ सुद्धा धरला नाही. पॉलिश करताना पोषण जातं हे खरंच, पण खवट होणारा भागही त्याच्याबरोबर जातो, म्हणून पांढरा तांदूळ हवाबंद आणि थंड जागी कित्येक वर्षं, दशकंसुद्धा राहतो. जे जास्त पौष्टिक ते कमी टिकाऊ, हे या कपाटात परत परत दिसतंय. गव्हाचंही तसंच, अख्खा गहू वर्षानुवर्षं राहतो कारण अंकुर आणि त्यातलं तेल सालीच्या आत बंद असतं. दळला की सगळं हवेला उघडं पडतं आणि ते पीठ काही महिन्यांचं. म्हणून ८ किलो गहूच ठेवलाय, पीठ नाही, आणि हाताने फिरवायची छोटी चक्की घेतली. एक किलो दळायला मला ४० मिनिटं आणि बरेच अपशब्द लागले.

६ एप्रिल

वरच्या फळीवर आणि खाली जमिनीजवळ एकेक थर्मामीटर ठेवला. दुपारी वर ३५, खाली २७. आठ अंशांचा फरक, एकाच कपाटात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे वर ठेवलेलं वर्षभराचं सामान खालच्यापेक्षा जवळजवळ निम्म्या वेळात म्हातारं होणार. तेल, शेंगदाणे, दूध पावडर, डबे सगळं खाली आणलं. वर आता मीठ, साखरेची वीट आणि व्हिनेगर, ज्यांना फरक पडत नाही ते.

१८ एप्रिल

मध. आईने बरणी दाखवली, "हा बघ, साखर झाली, भेसळ असणार." भेसळीचा याच्याशी संबंध नाही. मधातलं ग्लुकोज थंडीत खड्यांच्या रूपात बाहेर येतं, बरणी कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ. मध टिकतो त्याला कारणं एकावर एक आहेत. पाणी फक्त १७-१८ टक्के, तेही साखरेने बांधलेलं. पीएच ४ च्या आसपास म्हणजे चांगलाच आंबट, गोडीत तो आपल्याला कळत नाही. शिवाय मधमाशा त्यात एक एन्झाइम घालतात ज्याच्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जखमेवर लावायच्या औषधात असतं तेच. पण झाकण उघडं राहिलं तर मध हवेतलं पाणी ओढतो आणि आंबतो. ओला चमचा घालू नये हे आई मला मी पाच वर्षांचा असल्यापासून सांगतेय.

दुपारी ताई आली होती, तिचं बाळ १० महिन्यांचं. आईने प्रेमाने बोटाला मध लावला आणि मी जवळजवळ ओरडलोच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझमच्या (जिवावर बेतणारी एक विषबाधा) जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली, चिवट रूपं, असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत पण एवढ्या लहान आतड्यात रुजू शकतात आणि विष तयार करतात. आई थोडी रागावली, मग बोट धुतलं. ताईने नंतर हळूच विचारलं, "खरंच का रे?" खरंच.

९ मे

डबाबंद. हा विषय मी कंटाळवाणा समजत होतो. निकोला आपेर नावाचा फ्रेंच मिठाईवाला, त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बूच लावून त्या उकळत्या पाण्यात ठेवायचं तंत्र काढलं आणि १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२ हजार फ्रँक दिले. गंमत म्हणजे हे का चालतं ते त्याला माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं, जंतूंचं काम पाश्चरने दाखवलं ते पन्नासेक वर्षांनी. त्याच १८१० साली इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. आणि डबा उघडायचं हत्यार यायला पुढे चाळीसएक वर्षं गेली, तोवर लोक छिन्नी-हातोडीने उघडत. आमच्याकडे ओपनर एकच आहे आणि तोही फिरत नाही, आज दुसरा घेतला. २० डबे आणि ओपनर नाही, हे व्हायला वेळ लागत नाही.

१० मे

आता याचा धोक्याचा भाग, सविस्तर लिहितोय कारण मी स्वतः घरी बरण्या भरायच्या विचारात होतो.

बोट्युलिझमचा जंतू ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो. म्हणजे हवाबंद करून आपण बाकी सगळ्यांना मारतो आणि याला मोकळं रान देतो. त्याचे बीजाणू १०० अंशाच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, १२१ अंश लागतात आणि ते फक्त दाबाखाली मिळतात. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेसं आंबट असेल तर तो वाढत नाही. त्यामुळे फळं, जॅम, व्हिनेगरमधल्या भाज्या उकळत्या पाण्याने चालतात, पण मका, घेवडा, मांस, मासे, शिजवलेली डाळ हे घरी साध्या भांड्यात उकळून बरणीत बंद करणं म्हणजे सरळ जीवाशी खेळ. रोजच्या कुकरवरही विसंबू नये, तो पटकन तापतो, पटकन निवतो आणि बरणीच्या मधोमध किती तापमान किती वेळ होतं ते कळायला मार्ग नाही. टोमॅटो या रेषेच्या अगदी काठावर असतो म्हणून त्यात लिंबाचा रस घालतात. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवतात तेही असंच, तेलाने हवा बंद, लसणात पाणी आहे, आंबटपणा नाही. आणि ऑक्सिजनच्या पुड्यासुद्धा याच कारणासाठी ओलसर पदार्थात कधीच घालायच्या नाहीत, अर्धवट वाळलेल्या फळांत वगैरे.

विषाला वास असेलच असं नाही. फुगलेला डबा, उघडताना फस्सकन उडणारा डबा, शिवणीवर गळणारा डबा, चाखून बघायचा नाही, टाकायचा. किरकोळ पोचा चालतो, शिवणीवरचा नाही.

घरी बरण्या भरायचा विचार सोडला. विकतचे डबे घेणार. आंबट पदार्थांचे डबे वर्ष-दीड वर्षात संपवायचे, आंबट आतून पत्र्याला खातं आणि चव जाते, बाकीचे २ ते ५ वर्षं.

२१ जून

शेंगदाणे खवट. पूर्ण १ किलो. कडक वाळवले होते, घट्ट डबा होता, पुडी मात्र नव्हती कारण फेब्रुवारीतल्या पाऊण तासात ती बाद झाली होती. मी धरून चाललो होतो की जितकं कोरडं तितकं चांगलं. चरबीच्या बाबतीत हे उलटं पडतं, थोडासा ओलावा तेलाला हवेपासून जरा आडोसा देतो आणि अगदी खडखडीत केलं तर ते उलट लवकर खवट होतं. तेलकट पदार्थांचे शत्रू म्हणजे हवा, उजेड, उष्णता. तळलेल्या नूडल्सची पाकिटं कोरडी असूनही महिन्यांतच संपवायला लागतात ती याचमुळे, आणि साय न काढलेली दूध पावडर बिनसायीच्या आधी जाते तेही याचमुळे.

तेल आता लहान, गडद बाटल्यांत, तळाच्या फळीवर. जवसाचं तेल सगळ्यात आधी जातं, सूर्यफुलाचं त्यानंतर, खोबरेल बराच काळ राहतं. पण वर्षाच्या पुढे कुठल्याच तेलाचा भरवसा धरत नाही मी.

५ जुलै

तो राजमा. रात्रभर भिजवला, कुकरला एक तास. आतून अजून कचकच, सगळा डबाच गणंग. अजून ४० मिनिटं, तरी तेच. उष्ण आणि दमट जागी जुनं झालं की कडधान्याच्या पेशींना जोडणारं पेक्टिन कॅल्शियमने घट्ट बांधलं जातं आणि मग पाणी कितीही घाला, पेशी सुटत नाहीत. दुसऱ्या वाटीला भिजवायच्या पाण्यातच पाव चमचा खायचा सोडा घातला, ते पाणी ओतून शिजवला, आणि ५० मिनिटांत चक्क मऊ. चव जरा सपक, थोडी साबणासारखी. खाण्यात धोका काही नाही. पण वीज-गॅसची अडचण असताना दीड तास शिजणारं अन्न टिकलं काय नि न टिकलं काय, सारखंच.

भिजवणं आता नियमच केलाय. आणि शिजत आलेलं भांडं उकळी असतानाच जाड गोधडीत गुंडाळून ठेवलं की पुढचं आपोआप शिजतं, इंधन बरंच वाचतं.

८ ते १४ सप्टेंबर

फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी. सात दिवस फक्त कपाट. रोजची नोंद ठेवायची होती, जमली नाही, जे आठवतंय ते लिहितो.

पहिले दोन दिवस मजा. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उरलेलं अन्न ठेवता येत नाही, शिजवलं की त्यात पाणी आलं, आणि पाणी आलं की ते पुन्हा ताज्या अन्नाच्या रांगेत जाऊन बसतं. शिजवलेला भात तर दोन तासांपलीकडे बाहेर नको, त्यातले काही बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात विष करतात, ते परत गरम करून जात नाही. डब्याचंही तेच, उघडला की त्याची सगळी पुण्याई संपली. मोठे डबे घेतले होते स्वस्त पडतात म्हणून, दोन माणसांना ते एका वेळेत संपत नाहीत. म्हणजे लहान डबेच घ्यायला हवे होते आणि मोजून शिजवायला हवं होतं.

चौथ्या दिवशी आईने ताट सरकवलं. "पोट भरतंय रे, पण जेवल्यासारखं वाटत नाही." कुरकुरीत काही नाही, आंबट काही नाही, हिरवं काही नाही. हिशोबात मी कॅलरी मोजल्या होत्या, कंटाळा मोजला नव्हता. व्हिनेगरमधला कांदा, मिरं, वाळवलेला टोमॅटो यांनी जेवढा फरक पडला तेवढा अजून दोन किलो तांदळाने पडला नसता.

पाचव्या दिवशी मूग भिजवून मोड आणले. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, मोड आले की ते तयार होतं, म्हणजे कपाटातूनच हिरवं काहीतरी निघतं. (मोड वाफवूनच खाल्ले, ओल्या कोमट जागी दाण्याबरोबर जंतूही वाढतात.) जुन्या काळी जहाजांवर दोनदा भाजलेली कडक बिस्किटं आणि खारवलेलं मांस वर्षभर टिकायचं आणि माणसं मात्र स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने, जायची. १७४७ मध्ये जेम्स लिंडने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं आणि संत्री-लिंबं मिळालेले दोघे आठवड्याभरात उठले. अन्न टिकलं होतं, माणूस टिकला नव्हता.

सातव्या दिवशी पट्टी काढली. आईने आधी टोमॅटो घेतला आणि तसाच खाल्ला, उभ्या उभ्या.

२० सप्टेंबर

बेकिंग पावडर गेलीये, गरम पाण्यात चमचाभर टाकली तर फसफसलीच नाही, नुसती बसली. खायचा सोडा वेगळा, त्याला काही झालेलं नाही. यीस्टचं बंद पाकीट ठीक.

१९ ऑक्टोबर

परत भरणी. बदल असे: तांदूळ ८ किलो केला, राजमा काढून टाकला, त्याजागी लाल मसूर (न भिजवता २० मिनिटांत शिजतो), मूग वाढवले, शेंगदाणे पाव पाव किलोच्या चार बरण्यांत पुडीसकट, डबे सगळे लहान, ओपनर दोन.

तारखांचं असं केलंय की पाकिटावरची तारीख आणि आपण उघडल्याची तारीख दोन्ही लिहायच्या. पाकिटावर "या तारखेपूर्वी उत्तम" लिहिलेलं असतं ते चवीबद्दल असतं, त्या रात्री बारा वाजता अन्न विषारी होत नाही. नवीन सामान मागे, जुनं पुढे. मी यासाठी एक तक्ता केला होता, रंगीत, तीन रकान्यांचा, दारावर चिकटवला. कोणी भरत नव्हतं, मीही नाही.

मग महिन्याभरापूर्वी आईने न सांगता रोजचं जेवणच या कपाटातून काढायला सुरुवात केली, पुढचा डबा संपला की बाजारातून आणलेला मागे जातो, झालं. आज मोजलं तर सगळ्यात जुना डबा चार महिन्यांचा निघाला. तक्ता काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आईने तेलाची यादी लिहिलीये.

पाणी बदलायचं राहिलंय. फेब्रुवारीत भरलेलं, ऑगस्टातच बदलायला हवं होतं. उद्या.